अर्जातील ती चौकट कोणी ठरवली?

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी बंधनकारक केले. त्यासाठीच्या संकेतस्थळावर स्त्रीचा स्वतःचा आधार क्रमांक पुरेसा नव्हता. पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरल्याखेरीज प्रक्रिया पुढे सरकत नव्हती. जिचा पती वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, किंवा जिचा घटस्फोट झाला आहे, तिने काय करावे याची सोय त्या पडद्यावर नव्हती. वस्तुतः योजनेच्या शासन निर्णयात विवाहित स्त्रियांबरोबरच विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख आहे. धोरणाला ज्या स्त्रिया ठाऊक होत्या, त्या सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये शासनाने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा स्त्रियांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे सादर करण्याचा मार्ग खुला केला. तोवर मूळ मुदतीचे दोन महिने सरत आले होते.

हे उदाहरण एका राज्याचे असले तरी प्रश्न सबंध देशाचा आहे. अशा वेळी आपण सवयीने ‘तांत्रिक अडचण’ असा शब्द वापरतो आणि दोष संगणकावर किंवा तो प्रोग्राम लिहिणाऱ्या अभियंत्यावर टाकून मोकळे होतो. परंतु येथे यंत्र बिघडले नव्हते. त्याला जे सांगितले होते, तेच ते निष्ठेने करीत होते. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झाली होती: यंत्राने काय करायचे, कोणासाठी करायचे आणि नेहमीपेक्षा वेगळा माणूस समोर आला तर काय करायचे, हे ठरवण्याच्या पायरीवर. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात या पायरीला ‘रिक्वायरमेंट्स’ निश्चित करणे, म्हणजे गरजांची निश्चिती, असे म्हणतात. आपल्या शासनव्यवहारात सर्वांत दुर्लक्षित राहिलेले काम हेच आहे.

या कामाचे महत्त्व जाणकारांना नवे नाही. आयबीएममध्ये मोठ्या संगणकप्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, सॉफ्टवेअर बांधण्यापेक्षा नेमके काय बांधायचे हे ठरवणे अधिक कठीण असते, आणि तेथे झालेली चूक नंतर दुरुस्त करणे सर्वांत अवघड जाते. कारण उघड आहे. मागणी करणाऱ्यालाही आपल्याला काय हवे हे पूर्णपणे माहीत नसते. कामाची खरी पद्धत नियमपुस्तिकेत नसते, ती काम करणाऱ्यांच्या हातात असते. शिवाय ज्याला आपण ‘अपवाद’ म्हणतो, तो अनेकदा लाखो माणसांचे रोजचे वास्तव असतो.

खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी उणीव राहिली तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जातो. नागरिकाला दुसरे सरकार उपलब्ध नसते. कागदी अर्जाच्या काळात तलाठी किंवा कारकून समासात दोन ओळी लिहून, साहेबांची सही घेऊन अडलेले काम पुढे ढकलू शकत असे. या मुभेचा गैरवापर होत होता, हे खरेच. परंतु तिच्यातूनच नियमाला माणसाची परिस्थिती दिसत होती. अनिवार्य चौकट भरली नाही तर पुढचे पान उघडायचे नाही, अशी रचना एकदा झाली की, तो नियम कायद्याहून कठोर होतो. कायद्याच्या अर्थाविषयी न्यायालयात वाद घालता येतो. पडद्यावरील लाल अक्षरांशी वाद घालता येत नाही. म्हणून शासकीय सॉफ्टवेअरच्या गरजांचा दस्तऐवज हा परिणामाच्या दृष्टीने कायद्याचा मसुदाच असतो. फरक इतकाच की, तो संसदेत मांडला जात नाही आणि नागरिकांच्या नजरेसही पडत नाही.

या दस्तऐवजात काय राहून जाते, ते तीन राष्ट्रीय उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण वस्तू व सेवा कराचे. त्यासाठीची जीएसटीएन ही संस्था २०१३ मध्येच स्थापन झाली होती. म्हणजे तयारीला वेळ नव्हता असे नाही. पण सॉफ्टवेअर ज्या नियमांवर बांधायचे, ते नियमच अखेरपर्यंत हलत राहिले. केंद्रीय कायद्याला एप्रिल २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. बाराशेहून अधिक वस्तूंचे दर श्रीनगरच्या बैठकीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ठरले आणि १ जुलै रोजी कर लागू झाला. मूळ कल्पनेनुसार व्यापाऱ्याने दरमहा तीन विवरणपत्रे भरायची होती: दहा तारखेला विक्रीचे, पंधराला खरेदीचे आणि वीसला एकत्रित. विक्रेत्याचे प्रत्येक बिल खरेदीदाराच्या बिलाशी संगणक जुळवून पाहणार होता. कागदावर ही रचना निर्दोष होती. मात्र लहान गावातील व्यापारी आपले हिशेब कसे ठेवतो, त्याचा कर सल्लागार महिन्यातून किती वेळा त्याच्याकडे येतो आणि एकाच रात्री लाखो विवरणपत्रे आली तर काय होईल, या प्रश्नांची उत्तरे त्या रचनेत नव्हती.

सुरुवातीला तात्पुरता उपाय म्हणून जीएसटीआर-३बी हे साधे विवरणपत्र आणले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत खरेदीचे आणि एकत्रित अशी दोन्ही विवरणपत्रे स्थगित झाली. बिले जुळवण्याची मूळ यंत्रणा उभीच राहिली नाही, याची नोंद महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात घेतली. अखेरीस २०२२ च्या वित्त कायद्याने बिलांच्या जुळवणीची ती कलमेच वगळण्यात आली. जो ‘तात्पुरता’ फॉर्म होता, तोच व्यवहाराचा कणा होऊन बसला. पाच वर्षांनंतर संसदेने कायदा बदलून व्यापाऱ्याला प्रत्यक्षात काय झेपते हे मान्य केले. २०१६ मध्ये काही जिल्ह्यांच्या बाजारपेठांत बसून हीच गोष्ट समजून घेता आली असती.

दुसरे उदाहरण को-विनचे. या प्रणालीचे श्रेय तिला द्यायलाच हवे: दोनशे कोटींहून अधिक लसमात्रांची नोंद ठेवणे ही सामान्य कामगिरी नव्हे. तरीही १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू होताच प्रणालीतील अडचणींमुळे महाराष्ट्राला पुढचे दोन दिवस मोहीम थांबवावी लागली. खरी कसोटी १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी खुली झाली तेव्हा लागली. या गटाला ऑनलाइन नोंदणी आणि वेळेचे आरक्षण अनिवार्य होते. संकेतस्थळ इंग्रजीत होते आणि रिक्त जागा काही क्षणांत संपत होत्या. संगणकात निष्णात असलेले तरुण स्वयंचलित प्रोग्राम लिहून जागा टिपत होते. शहरातील लोक गावच्या आरोग्य केंद्रात येऊन लस घेऊन जात होते आणि त्याच गावातील शेतमजूर दारात उभा होता. येथे सॉफ्टवेअर तांत्रिकदृष्ट्या चालत होते. त्याने गृहीत धरलेला नागरिक मात्र स्मार्टफोन बाळगणारा, इंग्रजी वाचणारा आणि वेगवान इंटरनेट असलेला होता. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि दृष्टिहीनांना हे संकेतस्थळ वापरता येते का, असाही प्रश्न केला. त्यानंतर हिंदी व प्रादेशिक भाषांतील आवृत्ती आली. बावीस अनुसूचित भाषांच्या देशात ‘भाषा’ ही गरज पहिल्याच पानावर असायला हवी होती. ती दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात सुचली.

तिसरे उदाहरण रोजगार हमीच्या हजेरीचे. एनएमएमएस हे ॲप मे २०२१ मध्ये आले आणि जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीचे झाले. मेटने दिवसातून दोनदा मजुरांचे स्थळनोंदीसह छायाचित्र काढून पाठवायचे, अशी ही व्यवस्था होती. उद्देश खोट्या हजेरीला आळा घालण्याचा होता आणि त्याच्याशी कोणाचे दुमत नाही. परंतु मनरेगातील मजुरी बव्हंशी कामाच्या मापावर ठरत होती. उन्हाळ्यात मजूर पहाटे कामाला लागून ऊन तापण्यापूर्वी खड्डा पुरा करून घरी परतत. ॲपला दुपारचा फोटो हवा होता. त्यामुळे काम संपले तरी केवळ फोटोसाठी थांबा किंवा पुन्हा या, अशी वेळ आली. जेथे नेटवर्क नाही, तेथे केलेल्या कामाची हजेरीच बुडण्याची भीती होती. २०२३ मध्ये अनेक राज्यांतील मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरले, ते याच तक्रारींसाठी.

त्याने गैरव्यवहार तरी थांबला का? जुलै २०२५ मध्ये ग्रामीण विकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले की, असंबद्ध छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जात आहे आणि मजुरांची संख्या जुळत नाही. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसाने तपासावे, असा आदेश निघाला. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले आणि यंत्रावर नजर ठेवण्यासाठी पुन्हा माणूस बसवला. ‘खोटी हजेरी नेमकी कशी आणि कोण लावतो’ हा प्रश्न ॲप बांधण्यापूर्वी ग्रामरोजगार सेवकाला, मेटला आणि सामाजिक लेखापरीक्षण करणाऱ्यांना नीट विचारला गेला असता, तर केवळ फोटो हे उत्तर पुरेसे ठरले नसते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्याच्यासाठीही नवी प्रणाली लागेल. तेव्हा हा धडा इतिहासजमा करण्याजोगा नाही.

तिन्ही ठिकाणी अभियंते कमी पडले असे म्हणता येत नाही. दोष कामाच्या रीतीत आहे. सर्वसाधारणपणे एखादा विभाग निविदेचा मसुदा सल्लागार संस्थेकडून लिहून घेतो. त्याच्या जोडपत्रात शेकडो ‘कार्यात्मक गरजा’ असतात. त्यांतील अनेक आधीच्या निविदांतून जशाच्या तशा आलेल्या असतात. कंत्राट मिळाल्यावर कंपनीचे लोक मुख्यालयातील अधिकाऱ्यांशी चर्चा करतात, तपशीलवार दस्तऐवज तयार होतो आणि त्यावर सही होते. ज्याला ही प्रणाली रोज वापरायची आहे तो तालुक्याचा कारकून आणि जिच्यासाठी ती आहे ती लाभार्थी, हे दोघेही या चर्चेत नसतात. कारकुनाला प्रणाली प्रथम दिसते ती प्रशिक्षणाच्या दिवशी. लाभार्थीला दिसते ती अडल्यावर.

पुढे उणीव लक्षात आली तरी दुरुस्ती सोपी नसते. कंत्राटात नसलेला बदल म्हणजे वाढीव खर्च, आणि वाढीव खर्चावर सही म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप. त्यामुळे सावध अधिकारी सॉफ्टवेअर बदलण्याऐवजी परिपत्रक काढतो. दरम्यान त्याची बदली होते आणि नव्या अधिकाऱ्याला मूळ निर्णयामागचे कारणही ठाऊक नसते. निवडीची पद्धतही बरीच वर्षे सर्वांत कमी दराकडे झुकलेली राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने काही खरेदीत गुणवत्तेला कमाल तीस टक्के भार देण्याची मुभा दिली, हे योग्यच झाले. पण समजून घेण्यासाठी लागणारा वेळ हा अजूनही अंदाजपत्रकात खर्चाचा वेगळा विषय मानला जात नाही.

परिपत्रक आणि पडदा यांच्यातील अंतर किती घातक ठरू शकते, हे शिधावाटपाने दाखवले आहे. २०१७ मध्ये झारखंडमधील उपासमारीच्या मृत्यूंवरून वादंग उठल्यावर, आधार नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, असे केंद्राने त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला राज्यांना कळवले. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे शासकीय सेवांतील प्रमाणीकरणाचे यश ८८ टक्के असल्याचे सांगितले. उरलेल्या बारा टक्क्यांचे काय, हा प्रश्न पत्राने सुटत नाही. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रात ‘ठसा जुळला नाही, तरी धान्य द्या आणि नोंद करा’ अशी पायरी नसेल, तर दिल्लीतील पत्र दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही.

आपल्याला हे जमतच नाही, असेही नाही. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले, ते सीएमसी या तेव्हाच्या सार्वजनिक कंपनीने बांधले होते. रेल्वे आरक्षण हा नियमांचा गुंता असतो: वर्ग, सवलती, नाना प्रकारचे कोटे, प्रतीक्षा यादी, आरएसी. हे सारे त्या प्रणालीला सांभाळावे लागले. ती एकदम देशभर लादली गेली नाही. दिल्लीमागोमाग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद अशी केंद्रे उभी राहिली. ती सर्व एकमेकांना जोडण्याचे काम १९९९ पर्यंत चालले. इंटरनेटवरून तिकीट २००२ मध्ये आले. आणि आजही स्थानकावरील खिडकी उघडी आहे. याउलट जून २०२१ मध्ये प्राप्तिकराचे जुने संकेतस्थळ सहा दिवस बंद ठेवून सातव्या दिवशी नवे संकेतस्थळ सर्वांसाठी एकदम खुले केले गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ तक्रारी चालू राहिल्याने ऑगस्टमध्ये इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अर्थमंत्र्यांपुढे पाचारण करण्यात आले आणि विवरणपत्राची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत न्यावी लागली. कंपनी नामांकित होती, कंत्राट चार हजार कोटींहून मोठे होते. पण पैसा आणि नाव यांनी टप्प्याटप्प्याने शिकण्याची जागा भरून निघत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. सगळ्या गरजा आधी कळणे अशक्य आहे. आधुनिक पद्धत तर थोडे बांधा, दाखवा, सुधारा अशी आहे. मग मोठे दस्तऐवज कशाला? हा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याच्या बाजूचा आहे. थोडे बांधून दाखवायचे म्हटले तर ते कोणाला दाखवायचे, हा प्रश्न उरतोच. मुख्यालयातील सभागृहात दाखवून सुधारलेली प्रणाली मुख्यालयालाच सोयीची होते. दुसरा आक्षेप विलंबाचा. त्याला जीएसटीच्या पाच वर्षांचे उत्तर पुरेसे आहे. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा असतो. परंतु विदा कोठे आणि कसा साठवला आहे हे गुप्त ठेवणे वेगळे, आणि अर्ज कोणत्या कारणांनी नाकारला जाईल हे गुप्त ठेवणे वेगळे. पहिले आवश्यक आहे. दुसऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मग करायचे काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण स्वीकारले. त्यानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हीच शिस्त नागरिकांच्या हक्कांवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक शासकीय सॉफ्टवेअरच्या नियमांना लागू करावी. कोण पात्र, कोणते पुरावे, नकार कोणत्या कारणाने आणि दाद कोठे मागायची, हे सोप्या शब्दांत, राज्याच्या भाषेत, प्रणाली बांधण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावे. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित माहिती आपणहून जाहीर करण्यास सांगतेच. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरे, अर्जातील प्रत्येक अनिवार्य चौकटीमागे नियमाचा आधार दाखवता आला पाहिजे. नियम जे मागत नाही, ते सॉफ्टवेअरने मागू नये. एवढी एक अट असती, तरी विधवेकडून पतीचा ओटीपी मागितला गेला नसता.

तिसरे, अपवादाची वाट ही सोय नव्हे तर मूलभूत गरज मानावी. यंत्राने नाकारलेले प्रकरण ठरावीक दिवसांत हाती घेऊन निर्णय देणारा, नावानिशी जबाबदार अधिकारी तालुका पातळीवर असावा आणि त्याने दिलेला निर्णय प्रणालीने स्वीकारावा. अशा प्रकरणांची संख्या दरमहा जाहीर झाली, तर पुढच्या सुधारणेची यादी आपोआप तयार होईल.

चौथे, बदलांची सार्वजनिक नोंदवही ठेवावी: बदल कोणी मागितला, का मागितला, केव्हा झाला. अधिसूचना निघणे आणि नियम लागू होणे यांत सॉफ्टवेअर तपासण्याइतके अंतर असावे. कंत्राटाच्या रकमेतील काही भाग बदलांसाठी आधीच राखून ठेवावा, म्हणजे अधिकाऱ्याला योग्य दुरुस्तीची भीती वाटणार नाही. महालेखापरीक्षकांनीही खर्च वाढला का, याबरोबरच वापरणाऱ्यांना आधी विचारले होते का, हे तपासावे. रोजगार हमीत ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षण करून घेण्याची तरतूद आपणच २००५ मध्ये कायद्यात केली होती. तीच कल्पना सॉफ्टवेअरलाही लागू पडते.

पुणे, बेंगळूरु, हैदराबाद येथील लाखो अभियंते परदेशी बँकांच्या, विमा कंपन्यांच्या आणि दुकानांच्या गरजा समजून घेण्यात आपली उमेद खर्च करतात. दूर देशातील कारकून कोणत्या क्रमाने कोणते कागद तपासतो, हे विचारण्यासाठी त्यांचे आठवडे जातात, कारण तेथे त्या वेळेचे मोल दिले जाते. तेच कौशल्य देशात वापरायचे झाले की, विचारण्यासाठीचा काळ सर्वांत आधी कापला जातो आणि ज्याला विचारायचे तो माणूस यादीत नसतो. त्या वेळेची किंमत अखेर कोणीतरी मोजतेच. आज ती शिधादुकानासमोर, कामाच्या जागी आणि सेतू केंद्राच्या रांगेत उभा असलेला नागरिक आपली मजुरी बुडवून मोजतो आहे.